एच६ कधी खेळायची? कॅरो-कान शिकायची माझी पद्धत

माझ्या वहीत बुद्धिबळाच्या एका डावाचं स्कोअरशीट चिकटवलेलं आहे. त्यावर अकरा चाली लिहिल्यात, बाकी सगळा कागद कोरा. काळी मोहरी माझ्याकडे होती, ओपनिंग म्हणजे डावाची सुरुवात कॅरो-कान, आणि डाव संपला तेव्हा माझा राजा एच५ वर एकटा उभा होता. माझी बाकीची मोहरी पार मागे, जिथल्या तिथे बसलेली. समोर चौदा वर्षांचा मुलगा होता. त्याने वजीर एच३ वर आणला, हलक्या आवाजात ‘मात’ म्हणाला आणि हात पुढे केला. नव्वद मिनिटांच्या घड्याळातली माझी जेमतेम बारा मिनिटं खर्ची पडली होती.

मी हरले ती एका प्याद्याच्या एका घराच्या चालीमुळे. एच७ वरचं प्यादं एच६ वर सरकवलं, बस. कॅरो-कानच्या या पद्धतीत ही चाल येतेच, पुस्तकातही असते, म्हणून ती मला पाठ होती. कधी खेळायची ते माहीत होतं. का खेळायची ते मात्र मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं. आज दर रविवारी सकाळी पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत सात-आठ मुलं माझ्याकडे शिकायला येतात. कॅरो-कान त्यांना मी या एका प्याद्यापासूनच शिकवते. ज्यांना मोहऱ्यांच्या चाली येतात, ऑनलाइन बरेच डाव झालेत आणि आता पहिल्या रेटिंग स्पर्धेत उतरायचंय, त्यांच्यासाठी ती पद्धत इथे सविस्तर लिहिते.

आधी खरा पट मांडा, लाकडी नाहीतर रोल करायचा, पण हातात मोहरं येईल असा. फोनवर बोट सरकवत वाचलं तर यातलं फार थोडं राहील. घरांची नावं सगळ्यांना माहीत असतात, तरी एकदा सांगते. पांढऱ्याच्या डाव्या हाताची उभी ओळ ए, मग बी, सी, डी, ई, एफ, जी आणि शेवटची एच. आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. नुसतं ‘ई४’ लिहिलं की प्याद्याची चाल समजायची. आकड्यापुढे तीन टिंबं असली की ती काळ्याची चाल.

दोनशे पानी वहीही घ्या. पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे चाल लिहायची, उजवीकडे एकच प्रश्न: ‘हे खेळलं नाही तर समोरचा काय करेल?’ उत्तर सापडल्याशिवाय पुढची चाल लिहायची नाही. सुरुवातीला मुलं कंटाळतात. एका संध्याकाळी चारच चाली होतात. होऊ देत.

आता चाली:

१. ई४ सी६
२. डी४ डी५
३. घोडा सी३, प्याद्याने ई४ चं प्यादं मारलं
४. घोड्याने ई४ मारलं, घोडा डी७

ओपनिंगला नाव मिळालं ते होरेशियो कॅरो आणि मार्कस कान या दोन खेळाडूंवरून. त्यांचं विश्लेषण १८८६ मध्ये छापून आलं. पुढे कापाब्लांका, बोटविन्निक, पेट्रोसियन, कार्पोव्ह हे जगज्जेते काळ्या मोहऱ्यांनी ती खेळले. हे सगळे पक्की बांधणी आवडणारे. पहिल्या चालीतच तो स्वभाव दिसतो. सी६ चं प्यादं स्वतः काही मिळवत नाही, ते डी५ ला टेकू देतं. फ्रेंच बचावातही डी५ ला टेकू मिळतो, पण तिथे ई६ चं प्यादं स्वतःच्याच सी८ वरच्या उंटाची वाट अडवतं. इथे ती वाट खुली राहते.

मग चौथ्या चालीला मी घोडा डी७ वर आणून तीच वाट का बंद करते? मुलं हा प्रश्न विचारतात आणि तो अगदी बरोबर आहे. उंट सरळ एफ५ वर काढायची जुनी पद्धत आहे, उत्तम आहे, सोपीही आहे. डी७ च्या घोड्यामागे विचार वेगळा. ई४ वर पांढऱ्याचा घोडा पटाच्या मधोमध बसलाय, त्याला हटवायचंय. त्यासाठी जी८ चा घोडा लगेच एफ६ वर आणला तर पांढरा तो मारतो, आपल्याला प्याद्याने मारावं लागतं आणि एफच्या ओळीत दोन प्यादी एकामागे एक येतात. डी७ वर घोडा आधी असेल तर मारामारीनंतर तोच एफ६ वर येतो आणि प्यादी जागच्या जागी राहतात. कार्पोव्ह ही पद्धत इतकी खेळला की पुष्कळ जण तिला त्याचंच नाव देतात. मी ती शिकवते त्याचं कारण आणखी एक. ‘चालींचा क्रम’ म्हणजे काय, हे मुलांना इतक्या स्पष्टपणे दाखवणारी दुसरी जागा मला अजून सापडलेली नाही.

पाचव्या चालीला पांढरा एक विचित्र वाटणारी चाल करतो. पटाच्या मध्यात बसलेला, चांगला नांदणारा घोडा उचलून तो जी५ वर ठेवतो. एकच मोहरं दोनदा चालवू नये असं आपण मुलांना शिकवतो, इथे तर ते तिसऱ्यांदा चाललं. पट वळवून पांढऱ्याच्या बाजूने बघा. घोड्याची नजर दोन घरांवर आहे: एफ७ आणि ई६. डी७ च्या घोड्यामुळे सी८ च्या उंटाची ई६ वरची राखण सुटलीय. आपण चौथ्या चालीला जी किंमत दिली, ती वसूल करायला हा घोडा आलाय.

आणि इथे प्रत्येक नवशिक्याचा हात एच७ च्या प्याद्याकडे जातो. घोडा अंगावर आलाय, प्याद्याने हाकलू. मी मुलांना थांबवत नाही. म्हणते, खेळ.

५... एच६. आता पांढरा घोडा मागे घेत नाही, ई६ वर उडी मारतो. त्याने डी८ च्या वजिरावर हल्ला केलाय आणि एफ७ चं प्यादं त्याला मारू शकतं. मारलं की वजीर एच५ वर शह. एच५ पासून ई८ पर्यंतचा तिरका रस्ता एफ७ च्या प्याद्याने अडवला होता, ते प्यादं आता तिथे नाही. जी६ ने अडवा, वजीर जी६ मारतो आणि मात. एरवी जी६ ला एच७ चं प्यादं सांभाळतं. ते आपण नुकतंच पुढे ढकललेलं. वजिराला शहाच्या जागी काढून घोड्यापासून पळता येतं, पण मोहरी अडकलेली, वेळ गेलेला आणि ई६ चा घोडा तसाच.

म्हणून पाचव्या चालीला एच६ नाही. जी८ चा घोडा एफ६ वर आणा. एच५ चं घर त्याच्या ताब्यात येतं, वजिराचा शह गेला.

सहावी चाल: पांढऱ्याने उंट डी३ वर आणला. आता तरी हाकलू या घोड्याला? खेळ.

६... एच६. पुन्हा घोडा ई६ वर. प्याद्याने मारा. आणि उंट डी३ वरून थेट जी६ वर, मात. मुलांना हे बघताना मी मुद्दाम मोजायला लावते. राजाला डी८ ला स्वतःचा वजीर आहे, डी७ ला स्वतःचा घोडा, ई७ ला स्वतःचं प्यादं, एफ८ ला स्वतःचा उंट. उरलं एफ७, ते जी६ च्या उंटाच्या माऱ्यात. चार घरं आपल्याच माणसांनी अडवलेली. पांढऱ्याची पटावर दोनच मोहरी पुढे आलेली, त्यातलं एक मारलं गेलेलं, आणि तरी मात. सहावीतली एक मुलगी हे बघून मिनिटभर काही बोललीच नाही. मग तिने मोहरी आपणहून परत मांडली आणि पहिल्यापासून खेळून बघितलं.

म्हणून सहावी चाल ई६. जिथे घोडा उडी मारत होता ते घरच प्याद्याने भरून टाकलं. त्याच वेळी एफ८ च्या उंटाला बाहेर पडायला वाट झाली. वहीत उजवीकडे ही दोन्ही कारणं लिहा, पुढच्या चालीसाठी लागणार आहेत.

सातव्या चालीला पांढरा दुसरा घोडा एफ३ वर आणतो. ई६ आता भरलेलं आहे, एच५ सांभाळलेलं आहे. आता एच६ खेळायला काय हरकत?

ही चूक करणारा माणूस गॅरी कास्पारोव्ह होता. ११ मे १९९७, न्यूयॉर्क. आयबीएमच्या डीप ब्लू संगणकाविरुद्ध सहा डावांची लढत, पाच डावांनंतर दोघांचे अडीच-अडीच गुण. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात कास्पारोव्हने याच संगणकाच्या आधीच्या रूपाला ४–२ असं हरवलं होतं. शेवटच्या डावात जगज्जेत्याने कॅरो-कान निवडली आणि सातव्या चालीला एच६ खेळला. आठव्या चालीला डीप ब्लूने घोड्याने ई६ चं प्यादं मारलं.

हा डाव पटावर मांडाच, एकोणीस चालींचा आहे. कास्पारोव्हने घोडा लगेच मारला नाही, आधी वजीर ई७ वर घेतला. संगणकाने शांतपणे कॅसलिंग केलं. मग प्याद्याने घोडा मारला, उंटाचा जी६ वर शह, राजा डी८ वर. आता डाव थांबवा आणि फक्त काळ्याची बाजू बघा. काळ्याकडे एका प्याद्याच्या बदल्यात एक अख्खा घोडा जास्त आहे. पण वजीर ई७ वर बसून एफ८ च्या उंटाची वाट अडवतोय, उंट घरातून निघत नाही म्हणून एच८ चा हत्ती बाहेर येत नाही, आणि राजा पटाच्या मधल्या ओळीत उघड्यावर. पांढऱ्याने उंट एफ४ वर काढला, हत्ती ई१ वर आणला आणि एकेक मोहरं त्या राजाकडे वळवलं. सतराव्या चालीला उंट एफ५ वर दिला, अठराव्याला हत्तीने वजीर मारला. वजिराच्या बदल्यात काळ्याला हत्ती आणि उंट मिळाले. एकोणिसाव्या चालीला पांढऱ्याचं सी४ पडलं आणि कास्पारोव्हने डाव सोडला. लढत ३½–२½ अशी संपली.

आठव्या चालीचा तो घोड्याचा बळी संगणकाच्या ओपनिंगच्या साठ्यात आधीच भरून ठेवलेला होता. यावर पुढे खूप लिहिलं गेलं. त्या वादापेक्षा मला मुलांना एफ८ चं घर दाखवायचं असतं. त्या घरात उंट बसून होता. राजाला तिकडे जाता येत नव्हतं, डी७ च्या घोड्यालाही मदतीला तिथे येता येत नव्हतं. ई६ खेळून आपण उंटाला दार उघडून दिलं आणि तो बाहेर पडायच्या आतच भांडण काढलं.

म्हणून सातव्या चालीला उंट डी६ वर. ही सगळ्या ओपनिंगमधली माझी आवडती चाल. दिसायला साधी, पण ती खेळताच एफ८ चं घर रिकामं होतं आणि ई७ ही मोकळं राहतं.

आठवी चाल, पांढऱ्याने वजीर ई२ वर आणला. पांढऱ्याची पुढची चाल आपण खेळून बघू. घोडा एफ७ चं प्यादं मारतो, राजाने मारला तर दुसरा घोडा जी५ वर शह. राजा जी८ ला पळाला तर वजीर ई६ मारून शह, राजा एफ८, वजीर एफ७ वर, मात. म्हणजे धमकी खरी आहे आणि दुसऱ्या घोड्याचं जी५ ला येणं थांबवायला हवं. ते कोण थांबवेल?

८... एच६. हीच ती चाल. पाचव्याला मात, सहाव्याला मात, सातव्याला कास्पारोव्हचा पराभव. आणि आठव्याला ती खेळायलाच हवी. ई६ वर बळी दिलाच तर जी६ च्या शहानंतर राजा ई७ वर येऊन स्वतःच प्याद्याला सांभाळतो, डी७ चा घोडा एफ८ वर येऊन जी६ च्या उंटावर चालून जातो. त्या बळीची पूर्वीची धार गेलेली असते. म्हणून चांगला खेळणारा पांढरा घोडा ई४ वर मागे घेतो, आपण तो एफ६ च्या घोड्याने मारतो, तो वजिराने मारतो आणि डी७ चा दुसरा घोडा एफ६ वर येऊन वजिराला हाकलतो. चौथ्या चालीला ठरवलेलं काम दहाव्या चालीला पुरं होतं. घोड्यांची मारामारी झाली, प्यादी सरळ राहिली, सी८ च्या उंटाची वाट मोकळी झाली. पुढे बी६, उंट बी७, मग सी५ खेळून मध्य फोडायचा.

इथे एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. अकराव्या चालीला पांढरा वजीर मागे न घेता एच४ वर ठेवतो कधी कधी. तेव्हा चांगलं उत्तर आहे राजा ई७. कॅसलिंग सोडून राजा स्वतःच्या पायाने पुढे! जी५ खेळून वजिराला पकडावं असं आपल्याला वाटतं, पण तसं केलं तर उंट जी५ मारेल, आपण एच प्याद्याने उंट मारला की वजीर एच८ चा हत्ती नेईल. राजा ई७ वर आला की आठवी ओळ मोकळी होते, डी८ चा वजीर एच८ च्या हत्तीला सांभाळतो आणि जी५ ची धमकी खरी होते. ही चाल मुलांना सांगू नका. पट समोर ठेवून दहा मिनिटं द्या. कुणाला तरी सापडतेच, आणि ज्याला सापडते त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

आता माझ्या त्या अकरा चाली. मला वर लिहिलेलं सगळं पाठ होतं. पण त्या मुलाने पाचव्या चालीला घोडा जी५ वर नेलाच नाही. उंट सी४ वर काढला. मी घोडा एफ६ वर आणला, मग त्याचा घोडा जी५ वर आला, मी ई६ खेळले, त्याने वजीर ई२ वर आणला. जवळजवळ सगळं ओळखीचं दिसत होतं. जी५ ला घोडा, ई२ ला वजीर, ई६ ला माझं प्यादं. वजीर ई२ वर आला की एच६, हे डोक्यात इतकं पक्कं बसलेलं की हात आपोआप गेला.

घोड्याने एफ७ मारलं. राजाने घोडा मारला. वजिराने ई६ मारून शह, आणि त्या वजिराला सी४ चा उंट सांभाळून होता. राजा ई८ ला गेला तर एफ७ वर मात, म्हणून जी६. उंट डी३ वर, शह. राजा एच५. वजीर एच३.

डी३ चा उंट जी६ कडे बघतो, सी४ चा उंट ई६ आणि एफ७ कडे. एका मोहऱ्याचं एक घर बदललं होतं आणि सगळी गरज बदलली होती. इथे उंट डी६ वर काढूनही भागत नाही, एफ७ चा बळी तसाच चालतो. इथे हवी असते सातव्या चालीला घोडा बी६: डी७ वरून हलला की सी८ च्या उंटाची ई६ वर नजर पडते आणि शिवाय सी४ च्या उंटावर हल्ला. तो उंट डी३ वर मागे गेला की मग, आठव्या चालीला, एच६. घोडा एफ३ ला परततो आणि आपण सी५ खेळून मध्यावर बोट ठेवतो.

त्या स्पर्धेनंतर मी वहीत तिसरा रकाना घातला: ‘काय बदललं?’ प्रत्येक शाखेच्या पहिल्या चालीसमोर तो भरायचा. उंट सी४ वर आला, काय बदललं? एफ७ आणि ई६ वर जोर वाढला, जी६ वरचा गेला. उंट डी३ वर आला, काय बदललं? याच्या उलट. एका ओळीत लिहिता आलं पाहिजे. येत नसेल तर ती शाखा अजून कळलेली नाही, मग पंधरा चाली पाठ असल्या तरी उपयोग नाही.

पाचव्याच चालीला वजीर ई२ वर आला तर? ही चाल क्वचित येते, पण लहान मुलांच्या गटात हमखास कुणी तरी खेळतो, कारण यात कॅरो-कानमधला सगळ्यात छोटा सापळा आहे. सवयीने जी८ चा घोडा एफ६ वर आणला की घोडा डी६ वर, मात. ई७ चं प्यादं त्याला मारू शकत नाही, ते वजीर आणि राजा यांच्यामध्ये पिन झालेलं असतं. उपाय सोपा: डी७ वरचा घोडा एफ६ वर आणा. डी ओळ मोकळी होते आणि डी६ वर येणाऱ्या घोड्याला आपला वजीर खाऊन टाकतो. काय बदललं? ई७ चं प्यादं बांधलं गेलं. एवढं लिहिलं की सापळ्याची भीती संपते.

तिसऱ्या चालीला पांढऱ्याने ई५ ढकललं किंवा डी५ ची अदलाबदल केली तर डाव अगदीच वेगळे होतात. पहिल्यात उंट एफ५ वर काढून मग ई६, दुसऱ्यात सी प्याद्याने मारायचं, एवढं धरून सुरुवात करा. त्यांना वहीत वेगळी पानं द्या. या शाखेइतकी धारदार संकटं पहिल्या आठ चालींत तिथे सहसा येत नाहीत.

सरावाचा क्रम माझा ठरलेला आहे. पहिला आठवडा फक्त पट आणि वही. चुकीची चाल मुद्दाम खेळायची आणि तिची शिक्षा स्वतः शोधायची. दुसऱ्या आठवड्यात जोडीदाराबरोबर: एकाने पांढरी घ्यायची आणि हवी ती शाखा निवडायची, न सांगता. जोडीदार नसेल तर लायचेस या संकेतस्थळावर दहा-दहा मिनिटांचे डाव खेळा, तिथे पैसे लागत नाहीत. स्टॉकफिश इंजिन, म्हणजे चाली तपासणारा संगणक प्रोग्रॅम, मात्र तिसऱ्या आठवड्यापर्यंत उघडू नका. ते अंक दाखवतं, कारण सांगत नाही. उजवा रकाना भरलेला असेल तर तो अंक वाचता येतो. नाहीतर मुलं ‘इंजिन म्हणतं म्हणून’ खेळू लागतात आणि समोरच्याने एक अनोळखी चाल केली की हात गळतात.

स्पर्धेच्या दिवशीचं थोडं. चाल आधी पटावर, मग कागदावर. जुने लोक आधी लिहून मग खेळायला शिकवत, आता नियमात ते बसत नाही. मोहऱ्याला हात लागला की तेच चालवावं लागतं, म्हणून विचार करताना हात टेबलाखाली, मांडीवर. फोन हॉलमध्ये नेऊच नका, जवळ सापडला तर डाव जातो. नव्वद मिनिटं आणि प्रत्येक चालीला तीस सेकंद असा वेळ असेल तर पहिल्या चार चाली भराभर खेळा, पण पाचव्याला थांबा. पांढरा तिथे वाट निवडतो. घोडा जी५, उंट सी४, वजीर ई२, घोडा एफ३, चारही दिसायला शेजारी-शेजारी. तिथे दोन मिनिटं गेली तरी ती वाया जात नाहीत. आणि समोरच्याने चाल केल्यावर मनात एकदा म्हणा, काय बदललं?

सहावीतली ती मुलगी, जी मात बघून गप्प झाली होती, गेल्या स्पर्धेत तिसऱ्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी बसली. मी पालकांसोबत दाराबाहेर उभी होते, काचेतून तिचा पट दिसत होता. सी४ ला उंट, जी५ ला घोडा, ई२ ला वजीर. माझ्या अकरा चालींमधला तोच पट. तिचे दोन्ही हात मांडीवर. घड्याळातली सात मिनिटं गेली. मग तिने डी७ चा घोडा उचलून बी६ वर ठेवला, घड्याळ दाबलं आणि स्कोअरशीटवर वाकून लिहिलं. डाव बावन्न चालींनंतर बरोबरीत सुटला.

रविवारी ती वही उघडूनच आली. त्या डावात उंट डी३ वर मागे गेल्यावर डी४ चं प्यादं वजिराला फुकट मिळत होतं, ते घेतलं असतं तर, असं तिला विचारायचं होतं. तिने घेतलं नव्हतं, पण का घेतलं नाही ते तिला लिहिता येत नव्हतं. उजवा रकाना रिकामा होता. आम्ही पट मांडला, तिला वजिराने प्यादं मारायला सांगितलं, आणि मी पांढऱ्याच्या बाजूने घोडा जी१ वरून एफ३ वर ठेवला. वजिराला पुन्हा हलावं लागलं. मग तो घोडा ई५ वर गेला. दोन्ही घोडे एफ७ कडे बघत होते, काळ्याचा एकच घोडा एफ६ वर, एक बी६ वर, बाकी सगळं घरात. ती बराच वेळ पटाकडे बघत राहिली, मग पेन्सिल घेतली आणि रिकाम्या रकान्यात लिहायला लागली.